धरणावर रोहू, कटला, सायप्रिनससाठी (कॉमन कार्प) कोणती रील घ्यावी: साधी स्पिनिंग, बेटरनर की बिग पिट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या आसपासच्या धरणांवर गळ टाकायचाय, बारा फुटी रॉड घेऊन झालाय, दुकानदार १०००० नंबरची बिग पिट रील गळ्यात मारतोय, युट्यूबवाले बेटरनर घ्या म्हणतात, आणि मित्र म्हणतो कुठलीही साधी स्पिनिंग रील चालते.

सरळ उत्तर आधी देतो. ५००० किंवा ६००० नंबरची (नंबर म्हणजे रीलचा आकार), फ्री स्पूल असलेली रील घ्या, म्हणजे जिचा स्पूल, लाइन गुंडाळलेली चकती, हवा तेव्हा मोकळा सोडता येतो. शिमानो या जपानी कंपनीने १९८०च्या दशकात 'बेटरनर' या नावाने ती आणली आणि मग तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. बाकी कंपन्या त्याच यंत्रणेला वेगवेगळी नावं देतात, त्या नावांत अडकू नका. रीलच्या मागच्या बाजूला एक छोटी खिट्टी दिसली की समजायचं.

ही खिट्टी कशासाठी? रोहू, कटला, सायप्रिनस हे सगळे कार्प, आणि कार्पची मासेमारी म्हणजे बसून राहण्याचा उद्योग. पेंडीचा गोळा टाकला, रॉड स्टँडवर ठेवला, घुंगरू अडकवलं आणि आपण बाभळीखाली चहा घेत बसलो. अशा वेळी तीन-चार किलोचा रोहू गोळ्याला लागून सुटला आणि ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा लाइन किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आवळलेला असला, तर रॉड स्टँडसकट पाण्यात जातो. अतिशयोक्ती नाही, धरणावर नेहमी बसणाऱ्या कोणालाही विचारा. खिट्टी लावली की स्पूल मुख्य ड्रॅगपासून सुटतो आणि अगदी हलक्या, वेगळ्या लावलेल्या ताणावर फिरतो. मासा लाइन घेऊन पळतो, रील किरकिरते, रॉड जागेवर राहतो. तुम्ही रॉड उचलून हँडल जरासं फिरवलं की खट् आवाज होऊन मुख्य ड्रॅग आपोआप लागतो. तो ड्रॅग तुम्ही सकाळी शांतपणे लावून ठेवलेला असतो, हे सगळ्यात महत्त्वाचं.

साध्या स्पिनिंग रीलवर हेच काम पुढचा ड्रॅग सैल ठेवून करता येतं. पण मग मासा लागलेला असताना, हात थरथरत असताना, नॉब अंदाजाने आवळावा लागतो. बहुतेकजण जास्तच आवळतात आणि लाइन तुटते. तरी मित्राचं म्हणणं एका ठिकाणी खरं आहे. तरंग्यावर, रॉड हातात धरून काठालगतच मासेमारी करणार असाल तर ३००० किंवा ४००० नंबरची साधी रील जास्त बरी. हलकी असते, दिवसभर मनगट दुखत नाही, आणि फ्री स्पूलचा तिथे काही उपयोगही नाही.

आता बिग पिट. ही रील इंग्लंड-फ्रान्सच्या तळ्यांवरची. तिकडे शंभर मीटरच्या पुढे, ठरावीक जागी, तळाशी आमिष टाकायचं असतं. म्हणून स्पूल लांब आणि निमुळता, म्हणजे लाइन कमी घासत सुटते. रील चांगलीच जड असते आणि तिला ताकदीचा रॉड लागतो, ३ ते ३.५ पाउंड टेस्ट कर्व्हचा (रॉड काटकोनात वाकवायला लागणारं वजन). तिकडचं आमिष म्हणजे उकडून टणक केलेल्या गोळ्या, त्या तेवढ्या लांब जाऊनही शाबूत राहतात. आपला पेंडीचा आणि पिठाचा गोळा तेवढ्या झटक्याने फेकला तर गळ पुढे आणि गोळा हवेतच मोकळा! शिवाय कटला हा मुळात वरच्या थरातला मासा, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. त्याच्यासाठी शंभर मीटरवर तळाला शिसं बुडवून काय मिळणार? मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, पण पाणी चढत असेल तर सायप्रिनस संध्याकाळी काठाच्या ताज्या बुडालेल्या गवतातही येतो. तीस-चाळीस मीटर फेक पुष्कळ झाली.

अपवाद उजनीचा. उन्हाळ्यात तिथलं पाणी मागे सरकतं, काठ उथळ आणि गाळाचा होतो, खोल पाणी लांब जातं. तिथे लांब फेकीचा फायदा होतो. पण त्याच पाण्यात बुडालेली झाडं आणि जुन्या बांधकामांचे अवशेष आहेत. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, त्यावरून खाली काय काय असेल याचा अंदाज घ्या. शंभर मीटरवर लागलेला मासा फांद्यांत शिरला की तो तुमचा नाही. अशा जागी जवळ टाका, फ्री स्पूल वापरू नका, रॉडजवळून उठू नका.

दुकानात गेल्यावर बॉक्सवरचे आकडे वाचत बसू नका. '१२ बेअरिंग', '१५ किलो ड्रॅग' हा लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरचा चकचकाट. ०.३३ ते ०.३५ मिमीची मोनो लाइन (एकपदरी नायलॉनची) तुम्ही वापरणार, ती साधारण सहा-सात किलोला तुटते, गाठीपाशी त्याच्याही आधी. ड्रॅग लावायचा तो याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे दीड-दोन किलो. सामान मोजायचा हूकवाला काटा लाइनला अडकवून ओढून बघा, लगेच कळतं. १५ किलोचा ड्रॅग तुम्ही कधी वापरणारच नाही. तुम्हाला हवाय तो दीड किलोवर न अडखळता सुटणारा ड्रॅग.

तो असा तपासायचा. काउंटरवरच नॉब मध्यम आवळा, रील एका हातात घट्ट धरा आणि स्पूलची कड बोटांनी हळूहळू फिरवा. सुरुवातीला अडून मग एकदम 'टक्' करून सुटत असेल तर रील ठेवून द्या. मासा पहिली धाव घेतो तेव्हा लाइन नेमकी त्या अडण्यापाशी तुटते. मग खिट्टी दहा-बारा वेळा लावा-काढा. हँडल एक चतुर्थांश फिरायच्या आत ड्रॅग लागला पाहिजे. बेल, म्हणजे फेकताना उघडायची तारेची कमान, उघडून मिटवा, तिच्या टोकाचा लाइन रोलर बोटाने फिरतोय ना बघा. तो अडकला असेल तर लाइन खात राहतो. शेवटी हँडल मागे ढकला. जरासाही मागे खेळ असला तर झटका मारताना तो जाणवणारच.

गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात लाइन स्पूलवर किती वेळा गुंडाळली जाते, तो ४.५ ते ५च्या आसपास असू द्या. ६च्या पुढचा रेशो लुअर (नकली आमिष) ओढायला छान, पण चार किलोचा मासा ओढत आणायला जड जातो. आणि एका कंपनीचा ४००० म्हणजे दुसऱ्या कंपनीचा ४००० नव्हे. नंबर सोडा, बॉक्सवर ०.३५ मिमीची लाइन किती मीटर बसते ते वाचा. दोनशे ते अडीचशे मीटर असेल तर तुमची रील.

जाता जाता: बंगाली मंडळी रोहू-कटल्याला अजूनही 'हुईल' वापरतात, साधं चाक, ना बेल ना गिअर. ते लोक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त मासे पकडतात. पण ती कला आहे, बोटाने ड्रॅग द्यायची. पहिल्या रीलसाठी नको.

लाइन भरताना ओल्या फडक्यातून घट्ट ओढत भरा आणि स्पूलच्या कडेच्या दीड-दोन मिलिमीटर खाली थांबा. जास्त भरली तर फेकताना गुंडाळ्याच्या गुंडाळ्या सुटून गुंता होतो, कमी भरली तर लाइन कडेला घासत राहते, फेक आखूड पडते आणि दुकानदाराला पुन्हा बिग पिट विकायला निमित्त मिळतं. पैसे उरले तर दुसरा स्पूल घ्या. त्यावर जाड लाइन भरून ठेवली की उजनीसारख्या अडचणीच्या पाण्यावर पाच मिनिटांत बदलता येते.

गळ टाकण्याआधी त्या जलाशयाचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. आणि घरी आल्यावर ड्रॅगचा नॉब पूर्ण सैल करून मगच रील ठेवा. आवळलेला राहिला की आतले वॉशर दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी तोच 'टक्' सुरू होतो.