दोन पडद्यांमधलं पाणी

प्रश्न : आईचं वय ६४. स्तनाचा कर्करोग पसरला आहे. उजव्या फुफ्फुसात पाणी होतं. दीड महिन्यात तीनदा काढलं, पुन्हा भरलं. मामा म्हणतात, पाणी काढल्यानेच ती खंगते, प्यायलाही कमी द्या. डॉक्टर आता नळी घालू म्हणतात. काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी आईंना तहानेपुरतं पाणी द्या. छातीतलं पाणी तांब्यातून आलेलं नाही. ते फुफ्फुसाबाहेर, दोन पातळ पडद्यांमध्ये साठतं. एरवी तिथं जेमतेम दोन-चार चमचे असतं. पडद्यावर कर्करोग बसला की ते पाझरतं जास्त, जिरतं कमी. मामांचं अगदीच चूक नाही, त्यातून प्रथिनं जातात. पण धाप लागलेल्या माणसाला घास उतरत नाही, त्याचं काय?

मला एक सांगा, पाणी काढल्यावर त्या रात्री आई आडव्या झोपल्या का? झोपल्या असतील तर पुढचं करण्यात अर्थ आहे. नसतील तर धापेचं कारण आणखी कुठंतरी आहे : रक्त कमी असेल, फुफ्फुसात गुठळी असेल. ते आधी शोधायला हवं.

आणि ‘एकदाच सगळं काढा’ असा हट्ट नको. एका वेळी साधारण दीड लिटरवर आम्ही थांबतो. खोकला आला, छाती आवळली तर त्याआधीच.

नळीचे दोन प्रकार. एकात पाणी काढून आत निर्जंतुक टाल्क (एक बारीक खनिज पूड) सोडतात, म्हणजे पडदे चिकटतात. काही दिवस दवाखान्यात राहावं लागतं, दुखतं, तापही येतो. मात्र पाणी काढल्यावरच्या एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण फुललेलं दिसायला हवं. ते आक्रसलेलं असेल तर पडदे एकमेकांना टेकतच नाहीत. दुसरी नळी मऊ, कातडीखालून घातलेली, महिनोन्‌महिने राहणारी. पाणी घरीच बाटलीत काढायचं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत दोन्हींनी धाप सारखीच कमी झाली होती. बाटल्यांचा खर्च आधी विचारून घ्या. नळीभोवती लाली, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

तोवर उशांना टेकून बसवा, टेबलफॅन तोंडावर सोडा. तरी धाप उरली तर अगदी कमी मात्रेतल्या मॉर्फिनबद्दल डॉक्टरांशी बोला, नावाला घाबरू नका.

घरी जमेल का, ही धास्ती असेलच. माझ्या एका पेशंट आजींची सून म्हशीची धार काढून आली की साबणाने दोनदा हात धुवायची नि बाटली जोडायची. आजी म्हणायच्या, “आता माझी धार.”