जुन्या ट्रकच्या हेडलाइटची काच पिवळी पडलीय, आतून पाणीही दिसतं. नवीन हाउसिंग (काच-रिफ्लेक्टरसकट दिव्याचा अख्खा डबा) घेताना काय बघू?

आधी बल्ब काढून आतला रिफ्लेक्टर बघा. तो चकचकीत असेल आणि नुसती काच (खरं तर ती पॉलीकार्बोनेटची असते) उन्हाने पिवळी पडली असेल, तर पॉलिश करून वर यूव्ही कोटिंग मारलं तरी भागतं. पण रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर पॉलिशने काही होणार नाही, हाउसिंगच बदला. तुम्ही पाणी म्हणताय, म्हणजे बहुधा दुसराच प्रकार.

घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवा. काचेवर गोलात इंग्रजी 'E' (युरोपीय मान्यतेची खूण) असेल तर जवळ बाण आहे का बघा. उजवीकडे रोखलेला बाण असेल तर डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी, बाणच नसेल तर उजव्या बाजूच्या. इथे चूक झाली की समोरच्याच्या डोळ्यांवर थेट झोत. स्वस्त मालात मागचं रबर आणि हवा जायची नळी हमखास निकृष्ट असते, पुन्हा पाणी शिरतं ते तिथूनच. अ‍ॅडजस्टरचे (झोत वर-खाली करायचे) स्क्रू हाताने फिरवून बघा.

बल्बही तपासा: ट्रक २४ व्होल्टचा असेल तर १२ चा बल्ब लगेच उडेल. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबायचा मोह टाळा. प्रकाश फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून निघत नाही, झोत फुटतो.

दोन्ही बाजू एकदमच बदला, नाहीतर एक डोळा पिवळा, एक पांढरा. बसवल्यावर सपाट जागी भिंतीसमोर झोत लावून घ्या.