उंचावलेल्या गाडीतील थरथर: कोठून शोध सुरू करावा

सस्पेन्शन उंचावल्यावर ठरावीक वेगाला थरथर जाणवू लागली, म्हणून लगेच नवे भाग विकत घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी ती केव्हा येते, हे टिपून ठेवा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये घेतल्यावरही ती टिकली, तर इंजिनवरचा संशय कमी होतो. ॲक्सिलरेटर दाबताच वा सोडताच ती बदलली, तर पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमध्ये शाफ्टकडून (शक्ती ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याकडून) गती घेणाऱ्या गिअरचा, कोन तपासावा.

कोनात फिरणारा साधा युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा वाकू शकणारा जोड) प्रत्येक फेऱ्यात शाफ्टची गती दोनदा वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे कोन समान असले, तरच हा फरक भरून निघतो. म्हणून दोन साधे जॉइंट असलेल्या शाफ्टमध्ये ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीचा) आउटपुट आणि पिनियन समांतर हवेत. ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल कार्डन जॉइंट (दोन युनिव्हर्सल जॉइंट एकत्र जोडलेला जोड) असेल, तर मात्र पिनियनचे तोंड जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत हवे. हा भेद न पाहता पिनियनचा कोन बदलण्यासाठी ॲक्सलखाली पाचरी बसवल्या, की त्रास वाढतो. मोजमाप घेताना गाडी सपाट जागी चाकांवरच उभी असू द्या. ॲक्सल लोंबकळत असताना मोजलेला कोन निरुपयोगी ठरतो.

स्लिप योक (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता जोड) पूर्वीपेक्षा किती बाहेर आला आहे, हेही पाहा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या (प्रत्येक चाक वेगळे वरखाली होणाऱ्या) गाडीत वळताना पुढून टकटक ऐकू आली, तर सीव्ही जॉइंट (चाकाला गती देणाऱ्या दांड्याचा जोड) आणि त्याचे रबरी बूट, म्हणजे आवरण, तपासा. संथ, डोलणारा हादरा असेल, तर आधी टायरचे बॅलन्सिंग करून घ्या, कारण शाफ्ट चाकांपेक्षा कितीतरी जलद फिरतो आणि त्याची थरथर बारीक असते.