कव्हर उघडायचं, पण कोणासमोर?

प्रश्न: मी कराडला शिक्षक आहे. माझी 2016 ची डिझेल गाडी 1 लाख 2 हजार किलोमीटर झाल्यावर पुण्यातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये टायमिंग बेल्टचा पूर्ण किट बदलून घेतला. बिल 18,600 रुपये, सगळं बँकेतून दिलं. त्यानंतर चार महिन्यांत 5,800 किलोमीटर झाले आणि पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढत असताना इंजिनातून खट्ट असा आवाज येऊन गाडी बंद पडली. एका ट्रकवाल्याने दुसऱ्या गिअरमध्ये धक्का स्टार्ट करून पाहिली, झाली नाही. टो करून त्याच सर्व्हिस सेंटरला नेली. ते म्हणतात, ‘बेल्टने दात सोडलाय, व्हॉल्व्ह वाकले असणार, हेड उतरवावं लागेल, 92,000 रुपये. आणि हे धक्का मारल्यामुळे झालं, आमचा संबंध नाही.’ इंजिन उघडायला माझी लेखी संमती मागताहेत, आणि आठव्या दिवसापासून रोज 300 रुपये पार्किंग लावू म्हणतात. मेव्हण्याच्या ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, ‘मी येतो, वरचं कव्हर काढून दहा मिनिटांत सांगतो टायमिंग सरकलंय का.’ त्याला नेऊ का? संमती देऊ का?

उत्तर: नमस्कार सर. संमती अजून दिली नसेल तर देऊ नका, आणि मेकॅनिकलाही दोन दिवस थांबायला सांगा. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका मेळात फिरवणारा दातेरी पट्टा. तुमच्या सगळ्या प्रकरणाचा हा पुरावा आत्ता त्या प्लास्टिकच्या कव्हरमागे जसाच्या तसा बसलेला आहे. तो एकदाच बघता येतो. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवायचं तर बेल्ट आधी निघतो, आणि बेल्ट निघाला की तो कुठल्या दातावर बसला होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग उरतं ते त्यांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं.

मेव्हण्याचा माणूस चुकीचं सांगेल असं मी म्हणत नाही. दहा मिनिटांचं काम आहे हेही खरं. पण त्याने एकट्याने पाहिलं, तर समोरचा वकील एकच वाक्य विचारेल: ‘कव्हर उघडताना बेल्टला तुम्हीच हात लावला नाही कशावरून?’ हेच सर्व्हिस सेंटरलाही लागू पडतं. त्यांनी तुमच्या गैरहजेरीत कव्हर उघडलं, तर तोच प्रश्न तुम्ही विचारायचा. म्हणून तपासणी एकदाच, दोन्ही बाजू हजर असताना, तिऱ्हाईत जाणकाराच्या हातून.

तिऱ्हाईत म्हणजे कोण? परवानाधारक मोटार सर्व्हेअर (विम्याच्या दाव्यांत गाडीचं नुकसान तपासणारा), किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात अगर पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवणारे प्राध्यापक. तुम्ही स्वतः शिक्षक, अशी ओळख निघेलच. पुण्यात एआरएआयसारखी वाहनांच्या चाचण्या घेणारी मोठी संस्था आहे, पण 92,000 च्या वादासाठी तिथवर जाणं मला जड वाटतं. आरटीओच्या निरीक्षकाकडे जाऊ नका, गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का एवढंच त्यांचं काम.

आता तपासणीचा क्रम. मी वकील आहे, मेकॅनिक नाही. तरी हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण तो चुकला तर पुरावा जातो. पहिल्यांदा कव्हर नाही, स्कॅनर. गाडीच्या मेमरीत फॉल्ट कोड असतील ते कोणी पुसायच्या आत छापून घ्या. क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसेल तर बहुतेक गाड्यांत P0016 हा कोड येतो. त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती गरम. सर, तुमच्या बाबतीत ही नोंद सोन्याच्या मोलाची ठरू शकते. कोड पडला तेव्हा गाडी ताशी 40 च्या वेगाने, गरम इंजिनावर चालत होती असं त्यात निघालं, तर ‘धक्का मारल्यामुळे सरकला’ या बचावात दम उरत नाही. उलट वेग अगदी कमी आणि इंजिनाचे फेरे नगण्य दिसले, तर माझ्या मते तुम्ही तडजोडीचाच विचार करावा. काही गाड्यांत बॅटरीची वायर काढली की ही नोंद उडते, म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी स्कॅन. स्टार्टर मात्र कोणीही, कुठल्याही कारणाने मारायचा नाही.

मग कव्हर. आधी नंबर प्लेट, ओडोमीटर आणि बंद कव्हरचे बोल्ट यांचे फोटो, त्यानंतर न थांबवता व्हिडिओ. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने, हळू फिरवायचं. मध्येच अडलं तर जोर न लावता थांबायचं आणि अडलं हेच लिहून घ्यायचं, कारण व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची ती खूण असू शकते. क्रँकचा मार्क इंजिनावरच्या खुणेशी जुळला की कॅमच्या चाकावरचा मार्क पाहायचा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. त्यामुळे कॅमचा मार्क नेमका उलट्या बाजूला दिसला तर घाबरायचं नाही, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवून मग ठरवायचं. काही डिझेल इंजिनांना डोळ्यांनी जुळवायचे मार्कच नसतात, लॉकिंग पिन घालून पाहतात. पिन बसली नाही तर तसं लिहा. फोटो मार्कच्या अगदी समोरून घ्यायचा. तिरका घेतला तर अर्ध्या दाताचा फरक नसताना दिसतो आणि असताना लपतो.

इथेच बहुतेक तक्रारदारांचा घोळ होतो. टायमिंग सरकलं हे सिद्ध झालं म्हणजे सर्व्हिस सेंटरची चूक सिद्ध झाली असं त्यांना वाटतं. तसं नाही. बेल्ट सरकला हे तर तेही मान्य करताहेत! वाद आहे तो का सरकला याचा. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नीट ताणलेला नसेल, त्याचा बोल्ट ढिला राहिला असेल, आयडलरची (बेल्टला वाट देणाऱ्या पुलीची) बेअरिंग खराब झाली असेल, बेल्टवर चालणारा वॉटर पंप जाम झाला असेल, कुठल्या सीलमधून ऑइल गळून बेल्ट भिजला असेल. म्हणून तपासणाऱ्याला सांगा: बेल्टवरचा छापील पार्ट नंबर, दातांची अवस्था, कडा कुरतडलेल्या आहेत का, ऑइल आहे का, टेन्शनरचा काटा कुठे आहे, सगळं नोंदवा. बिलात ‘पूर्ण किट’ लिहिलंय आणि आत टेन्शनर जुनाच निघाला, असंही होऊ शकतं. तसं निघालं तर पुढचं फारसं काही सिद्ध करायला लागत नाही. काढलेले सगळे भाग पिशवीत घालून, वर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन, तुमच्या ताब्यात मागा.

एवढा खटाटोप का, तर सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे. सेवेतली त्रुटी तक्रारदारानेच दाखवायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय गेलात तर ‘किट बदलल्यावर चार महिन्यांत बंद पडली’ एवढ्यावर भिस्त राहील. ते दुबळं नाही, पण पुरेसं असेलच असंही नाही. बेल्ट किंवा टेन्शनरच सदोष असल्याचा मुद्दा निघाला, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 खाली ग्राहक आयोग तो भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो. फी आधी तुम्हालाच भरावी लागते.

धक्क्याबद्दल स्पष्ट बोलतो. तो लपवू नका. गाडी आधी बंद पडली, धक्का नंतर मारला, हा क्रम तक्रारीत तुम्हीच पहिल्यांदा लिहा. ट्रकवाल्याचा नंबर घेतला असेल तर उत्तम, टो करणाऱ्याची पावती आणि तेव्हाचे फोन कॉलही जपून ठेवा. मात्र सरकलेल्या टायमिंगवर इंजिन फिरवल्याने नुकसान वाढलं असं ते म्हणतील, आणि त्यात तथ्य असू शकतं. भरपाईची रक्कम काही प्रमाणात कापली जाण्याची तयारी ठेवा.

आता गाडी अडवून ठेवण्याचं. करार कायदा 1872 च्या कलम 170 नुसार कारागिराला आपल्या मजुरीपोटी वस्तू ताब्यात ठेवता येते. पण ती केलेल्या कामाच्या मजुरीपोटी. तुमचं जुनं बिल चुकतं झालेलं, नवं काम सुरूच नाही. फार तर तपासणीची फी बाकी असेल, ती ‘हरकत राखून’ असं लिहून बँकेतून भरा. 300 रुपये रोजाचं पार्किंग तुम्ही कुठे कबूल केलंय का? जॉबकार्डच्या (गाडी देताना सही केलेल्या कागदाच्या) मागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचा. तिथे नसेल तर ती मागणी मला टिकण्यासारखी वाटत नाही. आणि गाडी त्यांच्याकडे आहे तोवर ती आपली असल्यासारखी सांभाळण्याची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम 151 खाली त्यांचीच आहे.

बाहेरचा माणूस वर्कशॉपमध्ये चालणार नाही, असं ते बहुधा म्हणतील. म्हणू द्या, पण ईमेलवर म्हणायला लावा. माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(11) मध्ये तसं लिहिलेलं आहे. त्या परिस्थितीत गाडी बंद कव्हरसह टो करून दुसरीकडे न्या. नेण्याआधी कव्हरच्या प्रत्येक बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका बोल्ट आणि कव्हर दोन्हीवर येईल असा द्या आणि त्यांच्या माणसादेखत फोटो काढा. हसू नका, ठिपका तुटला की बोल्ट फिरवला हे लहान मूलही सांगेल. मग तपासणीची तारीख त्यांना लेखी कळवा. आले नाहीत तर तो त्यांचा प्रश्न.

तक्रार पुण्यात करायची गरज नाही. बिलावर ‘न्यायक्षेत्र पुणे’ छापलेलं असेल, तरी त्याच ग्राहक कायद्याच्या कलम 34 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात, दाद मागता येते. आयोगाची फी मागणीवर नव्हे, तुम्ही दिलेल्या किमतीवर ठरते आणि 5 लाखांपर्यंत ती शून्य आहे. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. प्रतिवादी कोण, हे मात्र तपासणीनंतर ठरवू. बसवण्यात चूक असेल तर सर्व्हिस सेंटर पुरे. भागच सदोष असेल तर भाग बनवणारी कंपनीही हवी. मागणी दुरुस्ती, टोइंग, आधीचं 18,600 चं बिल आणि पावत्या असलेला प्रवासखर्च एवढी ठेवा. ‘गाडीच बदलून द्या’ वगैरे लिहू नका, बाकीच्या खऱ्या मागण्यांचंही वजन कमी होतं. विम्याची आशा धरू नका, नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच असं लिहिलंय. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरा. म्हणून अहवाल तुमच्या बाजूने आला की आधी पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवा. मजुरी माफ आणि सुटे भाग निम्म्या किमतीत, असा देकार आला तर मी तुमच्या जागी असतो तर घेतला असता. फक्त गाडी घेताना ‘पूर्ण समाधान, काही तक्रार नाही’ या रकान्यात सही करू नका.

आज शाळा सुटल्यावर एवढं एक ईमेल त्यांना पाठवा:

‘माझी गाडी आपल्या ताब्यात आहे. टायमिंग कव्हर उघडण्यास, बेल्ट अथवा हेड काढण्यास, इंजिन फिरवण्यास किंवा फॉल्ट कोड पुसण्यास माझी संमती नाही. येत्या सात दिवसांत स्वतंत्र तज्ज्ञाकडून दोन्ही पक्षांसमक्ष तपासणी करण्यासाठी तारीख व वेळ कळवावी. पार्किंग शुल्क मी मान्य केलेले नाही. याआधी आपण कव्हर उघडले असल्यास तारीख, उघडणाऱ्याचे नाव व फोटो पाठवावेत.’

शेवटच्या ओळीला काय उत्तर येतं ते मला कळवा. ‘बेल्टने दात सोडलाय’ हे त्यांनी कव्हर न उघडता कसं ओळखलं, हे मलाही जाणून घ्यायचं आहे.