सिरॅमिक कलाकाराला कल्पना सुचतात कुठून? काहीच सुचत नसेल तर काय करतात?

कल्पना 'सुचते' हेच मला मान्य नाही. डोळे मिटून बसल्यावर मला आजवर एकही भांडं दिसलेलं नाही. जे काही सापडलं ते मातीत, राखेत आणि भट्टीत.

माझ्या ज्या दुधी वाडग्यांना लोक हात लावून बघतात, त्यांचं ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा लेप, भाताच्या तुसाचं आहे. आमच्या गावच्या भातगिरणीमागे तुसाचा ढीग पडलेला असतो. मी ते आणून जाळते. तुसाच्या राखेत बहुतेक सगळी सिलिकाच, म्हणजे काचेचा कच्चा माल, पण ती एकटी वितळत नाही. म्हणून चुलीतली लाकडाची राख आणि फेल्डस्पार हे खनिज घालायचं, सुरुवातीला तिन्ही समसमान. लाकडाच्या राखेतल्या चुन्यामुळे सिलिका वितळते. वाटून झालं की बादलीत काळंकुट्ट दिसतं. भट्टीत कार्बन जळून जातो आणि १२८० अंशांना तेच सायीसारखं पांढरं होऊन निघतं. थर जाड तिथे निळसर झाक, काठावर पातळ तिथे खालची लोहाची माती तपकिरी डोकावते. ती तपकिरी रेघ नीट उमटावी म्हणून मी काठ निमुळता करत गेले. आज माझ्या वाडग्याचा जो आकार आहे तो तिथून आला.

जपानात हे ग्लेझ जुनं आहे, नुका म्हणतात. तिथल्या माशिको गावचे कुंभार हमादा शोजी आसपासच्याच मातीवर आणि राखेवर काम करत. १९५५ साली तिथल्या सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं. ते बनवत काय होते? थाळ्या, बाटल्या, चहाचे वाडगे.

हे मुद्दाम सांगतेय. एका प्रदर्शनात आयोजक बाईंनी माझे वाडगे मागच्या टेबलावर ढकलले. म्हणाल्या, "हे वापरायचं सामान, यात संकल्पना कुठंय?" मी तुसाचं सांगितलं तर म्हणे ते तंत्र झालं, प्रेरणा सांगा. शेवटी त्यांनीच कार्डावर 'कोकणातला पाऊस' लिहून टाकलं. पावसाचा त्या वाडग्यांशी काडीचा संबंध नाही. पावसाळ्यात भांडी वाळता वाळत नाहीत, माझं निम्मं काम अडून राहतं. तंत्र आणि प्रेरणा अशा दोन वेगळ्या वाट्या मांडणाऱ्यांनी स्वतः कधी भट्टी उघडलेली नसते, हे माझं ठाम मत.

सुचत नसेल तेव्हा चाचणीचे तुकडे भाजा. एकच घटक थोडा थोडा वाढवत न्या आणि वहीत लिहा. हवा कमी ठेवलेल्या भट्टीत एक-दोन टक्के लोहाने सेलाडॉन या ग्लेझचा हिरवा येतो, आठ-दहा टक्क्यांवर तेनमोकू या ग्लेझचा काळा. एवढ्यातच महिने जातात.

शिल्पं करणाऱ्यांचं वेगळं असेल, ते आधी रेखाटनं करतात. आणि हो, राख हाताळताना हातमोजे घाला, ती कातडी खाते. चाळताना मास्क हवाच.

प्रदर्शनात मांडलंत तर कार्ड मात्र स्वतः लिहा: भाताचं तूस, चुलीतली राख, फेल्डस्पार, १२८० अंश. आयोजकांना ते कमी वाटलं तर माल परत उचलून आणा, पण दुसऱ्याला पाऊस लिहू देऊ नका.