तुला सुख बोचत नाहीये गं

अगं,

लग्न सोडून एकटीनेच फिरायला निघायचंय, हा तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला, सकाळी परत एकदा. "तो वाईट नाहीये ताई, त्याचाच जास्त त्रास होतो" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. नवरा मारत नाही, पितबित नाही, घरात कशाची कमी नाही, मग हिला सुख बोचतंय का असं लोक म्हणणार, घरचे तर सगळ्यात आधी म्हणणार. मीही ऐकलंय हे सगळं. पण त्या सुखात तू स्वतः कुठे दिसेनाशी झालीयेस, ते बोचतंय, आणि ते खरं आहे. एवढं आधी मनाशी पक्कं कर.

आता मुद्द्याचं सांगते. तू दोन गोष्टींची एकच मोट बांधलीयेस, फिरायला निघणं आणि लग्न सोडणं. त्या वेगळ्या ठेव. मी नाही ठेवल्या, मी रागारागात सगळं मोडूनच बॅग भरली आणि मग पहिले दोन महिने प्रवास असा झालाच नाही, समोर समुद्र आणि मी मनातल्या मनात माझ्या नवऱ्याशी जुनीच भांडणं भांडतेय. लग्न मोडल्याचं आज वाईट वाटत नाही, ज्या पद्धतीने मोडलं त्याचं मात्र अजून वाटतं. (तुझ्या घरात भीती असती तर यातलं काहीच लिहिलं नसतं, आत्ता निघ एवढंच म्हटलं असतं.)

अलेक्झांड्रा डेव्हिड-नील म्हणून एक फ्रेंच प्रवासी बाई होऊन गेली, तिच्याबद्दल वाच जमलं तर. १९०४ मध्ये लग्न झालं, नवरा इंजिनिअर, चांगली ऐषआरामाची परिस्थिती, पण त्या घरात तिचा जीव गुदमरायचा. १९११ मध्ये दीडेक वर्षात येते म्हणून आशियात गेली आणि परत आली ती थेट १९२५ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या ५५ व्या वर्षी, भिकारणीच्या वेषात तिबेटमधल्या ल्हासाला पोचली, परदेशी माणसाला तिथे बंदी असताना! लोक एवढंच सांगतात. मला मात्र हे जास्त महत्त्वाचं वाटतं की एवढ्या वर्षांत ती नवऱ्याला पत्रं लिहीत राहिली, तो पैसे पाठवत राहिला, एकत्र संसार परत झाला नाही तरी दोघांनी घटस्फोटही घेतला नाही. म्हणजे राहा नाहीतर तोड, एवढे दोनच रस्ते असतात असं नाही गं.

प्रवासात काहीतरी साक्षात्कार होईल अशी वाट बघू नकोस. माझं सांगते, तिकीट काउंटरवरच्या मुलीने विचारलं, खिडकीची सीट हवी का कडेची, आणि मी मागे वळून बघितलं. उत्तर द्यायला नवरा नव्हताच. इतकी वर्षं तो सांगायचा आणि मी बसायचे, मला काय आवडतं हे मला खरंच माहीत नव्हतं, मागे रांग लागलेली आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी खिडकीची म्हटलं. स्वतःला शोधणं म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत तरी तिथून सुरू झालं.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. खर्च स्वतःच्या खात्यातून कर, जॉइंट अकाउंटला हात नको, पासपोर्ट आणि बाकीची कागदपत्रं आपल्या ताब्यात ठेव, आणि निदान महिनाभर तरी मोकळा काढ, चार दिवसांत नुसता थकवा उतरतो, बाकी काही कळत नाही. रोज फोटो टाकत बसू नकोस, टाकलेस की परत कोणाला तरी दाखवण्यासाठीच जगणं सुरू होतं.

आणि नवऱ्याला समोर बसवून सांग. मेसेज नको, चिठ्ठी नको. "तुझं काही चुकलं म्हणून नाही, मला माझं बघायचंय, परत आल्यावर काय ते मला आत्ता माहीत नाही" एवढं खरं बोल. तो चिडेल, रडेलही कदाचित, त्याला रडू दे, समजूत काढता काढता जाणं रद्द करून बसू नकोस.

तारीख ठरली की कळव. पहिल्या रात्री खोलीचं दार लावल्यावर पोटात खड्डा पडेल, तेव्हा लगेच परतीचं तिकीट शोधू नकोस, मला फोन लाव, कितीही वाजले असू देत.

तुझी,
ताई