रिपोर्ट चांगला आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करावी का?
तुमच्या वडिलांचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा, दीडशेवरून ८४ वर आला, त्यामुळे ॲटोरव्हास्टॅटिन २० आता बंद करावी, आणि मांड्या दुखतात त्याही तिच्यामुळेच, असे ते म्हणतात, हे तुम्ही लिहिले आहे. ८४ हा आकडा गोळी चालू असतानाचा आहे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ही गोळी अडवते. ती थांबली की काही आठवड्यांत आकडा बहुधा पूर्ववत होतो. त्यांना स्टेंट बसवलेला असल्यामुळे परस्पर गोळी थांबवणे मला फार धोक्याचे वाटते.

दुखण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात का, आणि डोस वाढवल्यानंतर हे सुरू झाले का, हे डॉक्टरांना नेमके सांगा. सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) याबरोबर टीएसएच या थायरॉईडच्या चाचणीचीही तपासणी करावी का, हेही विचारा, कारण थायरॉईड मंदावले तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्नायूही दुखतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे वेगळेच घडले. माझे यजमान ॲटोरव्हास्टॅटिन ४० घेत होते. खोकल्यासाठी जवळच्या एका दवाखान्यात त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले गेले. चालू गोळ्यांची चौकशी तिथे झाली नाही आणि आम्हीही सांगितले नाही. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे ॲटोरव्हास्टॅटिन शरीराबाहेर जाण्याचा वेग मंदावतो आणि तिचे रक्तातले प्रमाण वाढते. रोज पर्वती चढणाऱ्या माणसाला पाचव्या दिवशी घराचा जिना कठडा धरून चढावा लागला, आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. स्नायू झिजून त्यांतले द्रव्य मूत्रपिंडांकडे जात असल्याची ती खूण होती. सीके प्रचंड वाढले होते. दोन्ही औषधे थांबवून सलाईन लावले, म्हणून मूत्रपिंडे वाचली. पुढे हृदयरोगतज्ज्ञांनी दुसरे स्टॅटिन (याच गटातले कोलेस्टेरॉलचे औषध) कमी मात्रेत सुरू केले. असे क्वचितच घडते, पण लघवी गडद झाली किंवा अंगातली ताकदच गेली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

ॲटोरव्हास्टॅटिन रात्रीच घ्यावी असे बंधन नाही. एक वेळ ठरवावी, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत. यजमानांच्या खिशात आता सर्व गोळ्यांची नावे आणि मात्रा लिहिलेला कागद असतो, आणि दातांच्या डॉक्टरांकडे गेलो तरी आधी तोच पुढे करतो. वडिलांसाठी असा कागद आजच लिहा.